जालबद्ध संगणकांवरील चित्रफीत-संकेतन : वेग आणि त्याची किंमत

चित्रफितीचे तुकडे करून ते अनेक संगणकांवर एकाच वेळी संकेतनास धाडले, की वेळ त्याच पटीत घटतो, ही समजूत भाबडी आहे. प्रत्येक तुकड्याचा आरंभ स्वतंत्र मुख्य चौकटीने करावा लागतो. मागील चौकटींचा आधार तुटतो आणि फाईल फुगते. केवळ वेळ मोजून आकाराविषयी मौन बाळगणारे निष्कर्ष म्हणूनच अपुरे ठरतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांच्या ‘एक्सकॅमेरा’ (२०१७) या प्रणालीने हे मर्म ओळखले. तिने अवघ्या ६ चौकटींचे तुकडे समांतरपणे संकेतित केले; नंतर आधीच्या तुकड्याच्या अंतिम अवस्थेवर पुढचा तुकडा बेतून १६ तुकड्यांच्या गटात एकच मुख्य चौकट ठेवली. मात्र ही जोडणी क्रमानेच होते. अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये दाखविलेली मर्यादा येथे टळत नाही. ती तुलनेने हलक्या टप्प्याकडे सरकविली जाते, इतकेच.