वीस हजारांतला एक

शाळेच्या पुस्तकात रदरफर्डचा प्रयोग एका आकृतीत आटोपतो. सोन्याचा वर्ख, त्यावर आदळणारे बाण, बहुतेक आरपार गेलेले, एखादा उलट फिरलेला. खाली निष्कर्ष की अणूच्या मध्यभागी धनप्रभारित केंद्रक असते. मे १९११च्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये छापलेला रदरफर्डचा मूळ निबंध वाचला, की या एका ओळीमागचा विचार किती जपून केला होता ते कळते. मला तो निबंध एखाद्या उत्तम बांधलेल्या कथेसारखा वाटतो.

प्रयोग खरे तर गायगर आणि मार्सडेन यांचा, १९०९ सालचा, मँचेस्टरमधला. रदरफर्ड सुरुवात करतो ती त्यांच्या एका विचित्र आकड्यापासून. सुमारे ०.००००४ सेंटिमीटर जाडीच्या सोन्याच्या पत्र्यातून जाताना वीस हजारांपैकी साधारण एक अल्फा कण काटकोनाइतका वळतो. एरवी अशा पत्र्यातून कण जेमतेम अंशभर वळतात.

आता निबंधातली सर्वांत सुंदर जागा येते. जे. जे. थॉमसनच्या कल्पनेप्रमाणे धनप्रभार अणूभर पसरलेला असेल, तर एका अणूपाशी कण किंचितच ढळेल. पत्र्यात अणूंचे हजाराहून अधिक थर आहेत. मग असे पुष्कळ छोटे धक्के साचून काटकोन होणार नाही का? रदरफर्ड संभाव्यतेचा हिशेब मांडतो. धक्के कधी इकडे, कधी तिकडे बसतात आणि बरेचसे एकमेकांना खोडतात. अंशभर ढळणाऱ्या कणाने योगायोगाने ९० अंश गाठण्याची शक्यता जवळजवळ शून्य निघते. वीस हजारांत एक हे प्रमाण एरवी नगण्य वाटेल. या हिशेबापुढे ते प्रचंड आहे. म्हणजे तो कण एकाच अणूपाशी, एकाच भेटीत वळला असला पाहिजे. दुर्मीळ घटनेला अपवाद म्हणून न सोडता तिचे प्रमाण तोलणे, यात या निबंधाची सारी ताकद आहे.

पुढचे गणित बारावीच्या विद्यार्थ्याला वहीत मांडता येईल, आणि शिक्षकांनी ते जरूर मांडून घ्यावे. किरणोत्सारी मूलद्रव्यातून निघालेला अल्फा कण सेकंदाला सुमारे २०,००० किलोमीटर वेगाने येतो. तो थेट केंद्रावर चालून गेला, तर त्याची सारी गतिज ऊर्जा विद्युत प्रतिकर्षणात खर्ची पडून तो कुठे थांबेल? केंद्रावर इलेक्ट्रॉनच्या शंभरपट प्रभार धरून उत्तर येते सुमारे ३.४ × १०⁻¹² सेंटिमीटर. अणूची त्रिज्या १०⁻⁸ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास तीन हजारपट मोठी. पुस्तकात किरणोत्सारिता आणि अणूची रचना हे दोन वेगळे धडे असतात. इथे पहिला धडा दुसऱ्याचे हत्यार होतो. अणूच्या आत इतक्या खोलवर जाऊ शकणारा कण तेव्हा दुसरीकडून मिळणारच नव्हता.

या निबंधात ‘केंद्रक’ ही संज्ञा कुठेच नाही, रदरफर्ड फक्त मध्यवर्ती प्रभार म्हणतो. तो प्रभार धन की ऋण, हेही तो ठामपणे सांगत नाही. प्रभार ऋण असता, तर धन अल्फा कण त्याकडे ओढला जाऊन त्याला वळसा घालून तितकाच वळला असता. वळण्याच्या कोनावरून दोन्हींतला फरक कळत नाही. म्हणून सोयीसाठी धन मानू, एवढेच. शनीच्या कड्यांसारखा अणू सुचवणाऱ्या जपानी नागाओकाचा उल्लेखही तो करतो. आणि असा अणू टिकेल कसा, हा प्रश्न या टप्प्यावर घ्यायचे कारण नाही असे सांगून पुढे जातो. हाच प्रश्न दोन वर्षांनी नील्स बोरने हाती घेतला. हाताशी असलेल्या मोजमापांतून जेवढे निघते तेवढेच बोलायचे, हा संयम मला निष्कर्षाइतकाच मोलाचा वाटतो.

मात्र जिथे बोलायचे तिथे तो नेमके बोलतो. कोणत्या कोनात किती कण सापडावेत, पत्रा जाड केल्यास किती वाढावेत, वेग घटल्यास काय व्हावे, हे सारे त्याच्या सूत्रात आहे. त्यानुसार ९० अंशांच्या दिशेला पूर्ण उलट दिशेच्या चौपट कण मिळायला हवेत. गायगर आणि मार्सडेन पुन्हा मोजायला बसले. झिंक सल्फाइडच्या पडद्यावर कण आदळला की उठणारी बारीक चमक सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांनी टिपायची, अशी ती मोजणी होती. लाखाहून अधिक चमका मोजून त्यांनी १९१३ मध्ये निकाल छापले. कोन, जाडी, वेग, तिन्ही बाबतींत सूत्र खरे उतरले होते.