‘आम्ही’च्या बाहेर

चेन्नईत तमिळ मैत्रिणीला दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) तोंडी सांगत होते. ‘आम्ही’पाशी अडले नाही. मराठीतलं ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतं, ‘आपण’ आत घेतं. तमिळमध्येही ‘नांगळ्’ आणि ‘नाम्’ वेगळे. जेरी पिंटोंच्या इंग्रजी अनुवादाच्या (२०१५) हाती मात्र एकच ‘वी’. दोष अनुवादकाचा नव्हे. भेद संदर्भातून कळतोही. पण रोमान याकबसन यांनी १९५९मध्ये मांडलं तसं, भाषांमधला खरा फरक काय सांगता येतं यात नसून काय सांगावंच लागतं यात असतो. दगडू मारुती पवारच्या आठवणींतल्या महारवाड्याच्या ‘आम्ही’त मी नाही, हे मराठी मला विसरू देत नाही. इंग्रजी वाचताना मी नकळत आत जाऊन बसले होते.