सोबतीला कोण आहे? मिगजाल, मेघिय आणि उशाजवळचा फोन



मागच्या व्याख्यानानंतर एक गृहस्थ मागे थांबले होते. वय साधारण सत्तरीचं. सगळे गेल्यावर म्हणाले, "सर, तुम्ही सांगितलंत, फोन बाजूला ठेवा, शांत बसा. बायको जाऊन दीड वर्ष झालं. मुलगा परदेशात. रात्री दोनला जाग येते. तेव्हा फोन बाजूला ठेवला, तर खोलीत उरतं काय?" मी काहीतरी उत्तर दिलं. घरी जाताना लोकलमध्ये लक्षात आलं की ते उत्तर नव्हतं, सुविचार होता. आजचं बोलणं म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे, असं समजा.

फोनविषयी 'बौद्ध दृष्टिकोन' म्हणून जे सांगितलं जातं ते साधारण असं असतं: फोन म्हणजे तृष्णा, एकांत म्हणजे शांती, तेव्हा फोन सोडा आणि एकांत धरा. ऐकायला छान आहे. मीही हेच सांगत आलोय. पण पाली सुत्तं हातात घेऊन बसलं की ही सरळ रेघ टिकत नाही. आज तीन-चार सुत्तं बघू.

पहिलं मिगजालसुत्त, संयुत्तनिकायातलं. मिगजाल नावाचा भिक्खू बुद्धांना विचारतो की एकटा राहणारा कोणाला म्हणायचं आणि दुसऱ्यासोबत राहणारा कोणाला म्हणायचं? आपल्याला वाटेल, सोपं आहे, माणसं मोजा. बुद्ध माणसं मोजत नाहीत. डोळ्याला आवडणारी रूपं, कानाला आवडणारे आवाज, असं करत मनाला आवडणाऱ्या विचारांपर्यंत ते येतात. जो यांत रमतो, त्यांना कवटाळतो, तो दूरच्या निर्मनुष्य अरण्यात राहिला तरी दुसऱ्यासोबतच राहतो. कारण तृष्णा हीच त्याची दुसरी. आणि ती सुटली असेल, तर गावात, भिक्खू-भिक्खुणींच्या, उपासकांच्या, राजांच्या आणि अमात्यांच्या गर्दीतही तो एकटाच.

आता उशाजवळचा फोन आठवा. खोलीत माणूस एक, पण तो एकटा आहे का? मिगजालच्या हिशेबाने नाही. आणि गंमत बघा, फोन कपाटात कुलूपबंद केला तरी नाही. कारण सुत्तात वस्तूचं नाव येतच नाही, रमण्याचं नाव येतं. शिबिराला फोन जमा करून बसलेल्यांना हे ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी खिशाकडे हात जातो. खिसा रिकामा असतो, पण हात जातोच. (श्रोत्यांत हशा.) हसताय म्हणजे अनुभव दिसतोय.

इथे मात्र एक धोका आहे. पालीत 'दुतिय' म्हणजे दुसरा, जोडीदार. बायकोसाठीही यावरूनच बनलेला शब्द येतो, दुतियिका. ज्याची दुतियिका गेली आहे अशा माणसाला हे सुत्त वरवर वाचून दाखवलं तर काय होईल? तुमचं दुःख म्हणजे तुमची तृष्णा, असं आपण त्याला सुनावून बसू. असे उपदेशक मी पाहिलेत आणि मागच्या वेळी मीही त्यांच्यातलाच होतो. सुत्त आठवणीला दोष देत नाही. जे सापडलं त्यात रमून त्यालाच चिकटून बसणं, एवढ्याबद्दलच ते बोलतं. दुःखाबद्दल बोलायला वेगळं सुत्त आहे.

ते सल्लसुत्त. सल्ल म्हणजे शल्य, बाण. दोन बाणांची उपमा आता सगळीकडे पोचली आहे: शरीराला वेदना होते हा पहिला बाण, त्यावर मन शोक करतं हा दुसरा. लोक इथे थांबतात. सुत्त थांबत नाही. पुढे म्हटलंय की असा माणूस मग इंद्रियसुखाकडे वळतो. का? तर वेदनेतून बाहेर पडायचा दुसरा रस्ता त्याला माहीत नसतो म्हणून.

हे वाक्य मी अनेक वर्षं वाचत होतो आणि त्यावरून पुढे जात होतो. त्यात दोषारोप नाही, निदान आहे. रात्री दोनला जो अंगठा स्क्रीनवर सरकतो, तो चैनीसाठी सरकत नाही. बाण लागलाय आणि दार एकच माहीत आहे, म्हणून सरकतो. म्हणजे 'फोन ठेवा' हा सल्ला माहीत असलेलं ते एकमेव दार बंद करतो आणि दुसरं दाखवत नाही. त्या गृहस्थांचा प्रश्न नेमका हाच होता. त्यांनी सल्लसुत्त वाचलं नसेल, पण त्यातली अडचण माझ्याआधी त्यांनी ओळखली.

इथे कोणी म्हणेल, म्हणजे सगळा भार माणसाच्याच मनावर? फोन बनवणाऱ्यांचं काय? रास्त प्रश्न आहे. त्यासाठी बाळिसिकोपमसुत्त बघा. बळिस म्हणजे गळ. खोल पाण्यात कोळी आमिष लावलेला गळ टाकतो, आमिषावर डोळा असलेला मासा तो गिळतो आणि कोळ्याच्या ताब्यात जातो. सुत्त म्हणतं, असे सहा गळ आहेत, सहा इंद्रियांसाठी सहा. इथला कोळी म्हणजे मार. पण उपमेची रचना लक्षात घ्या: मासा आहे, आमिष आहे आणि पाण्याबाहेर कोणीतरी बसलेलंही आहे. न संपणारी फीड, लाल ठिपका, एक व्हिडिओ संपायच्या आत सुरू होणारा पुढचा, हे आपोआप उगवलेलं नाही. कोणीतरी विचार करून गळाला लावलेलं आहे. त्यामुळे फक्त माशाला शिस्त शिकवणारी टीका अर्धीच आहे. आणि ध्यान शिकवणारं ॲप जेव्हा रोज संध्याकाळी नोटिफिकेशन पाठवून सलग किती दिवस बसलात ते मोजून दाखवतं, तेव्हा गळ तोच असतो, आमिष तेवढं सात्त्विक असतं.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, मेघियची. उदानात आहे. मेघिय तेव्हा बुद्धांच्या सेवेत होता. किमिकाळा नदीच्या काठी त्याला एक सुंदर आमराई दिसली. इथे एकट्यानं ध्यानाला बसावं असं त्याच्या मनात आलं आणि त्याने परवानगी मागितली. बुद्ध म्हणाले, जरा थांब, मी एकटा आहे, दुसरा कोणी भिक्खू येऊ दे. मेघियने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर बुद्धांनी अडवलं नाही. मेघिय गेला, झाडाखाली बसला आणि मनात काय आलं? कामविचार, द्वेषाचे विचार, हिंसेचे विचार. आमराई उत्तम, सावली उत्तम, फोन नाही. तरी हे. चक्रावून तो परत आला.

परत आल्यावर बुद्ध त्याला पाच गोष्टी सांगतात. शील, धम्माची चर्चा, उद्योग, प्रज्ञा या त्यात आहेत. पण पहिली कोणती? कल्याणमित्र. श्वासावर लक्ष ठेवणं त्यानंतर येतं. आज आपण क्रम उलटा केला आहे: श्वास आधी आणि मित्र जमला तर.

यावर खग्गविसाणसुत्त पुढे केलं जातं. गेंड्याच्या शिंगासारखं एकटं चालावं, असं सांगणारं सुत्तनिपातातलं जुनं काव्य. एकांताचं समर्थन करताना ते हमखास येतं. पण त्याच काव्यात असंही आहे की शहाणा, सज्जन सोबती मिळाला तर त्याच्यासोबत आनंदाने चालावं. न मिळाला तर एकटं. म्हणजे एकटेपण ही तिथेही सरसकट आज्ञा नाही.

ज्यांना ग्रंथापेक्षा दगड पटतो त्यांनी बोरिवलीला जाऊन कान्हेरी बघावी. शंभरावर लेणी. पुष्कळ लेण्यांत एक लहान खोली, बाहेर ओसरी, बसायला दगडी ओटा, शेजारी पाण्याचं टाकं. एकट्या माणसाची जागा. पण ओसरीवर आलं की शेजारच्याची ओसरी दिसते. आणि त्याच डोंगरात सगळ्यांसाठी मोठं चैत्यगृह आहे. एकट्याने बसायचं, पण हाकेच्या अंतरावर माणूस असायला हवा. हा बौद्ध एकांताचा नकाशा आहे आणि तो कातळात कोरलेला आहे.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात धम्माची जागा माणसामाणसांच्या संबंधांत दाखवली, तीही मला याच नकाशाला धरून वाटते. वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून आपल्या वस्त्यांमधल्या विहारांत रोज संध्याकाळी त्या ग्रंथाचं वाचन होतं. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. तास-दीड तास फोन पिशवीत असतो आणि कोणी तो ठेवायला सांगितलेलं नसतं.

तर त्या गृहस्थांना आज मी काय सांगेन? रात्री दोनला फोन हातात घेतलात तर स्वतःला अपराधी समजू नका. घेताना एवढंच विचारा, बाण कुठे लागलाय? मुलाला फोन करायचा असेल तर खुशाल करा. तिकडे जागं कोणी असेल. ते रमणं नाही, ती माणसाला मारलेली हाक आहे. झोप आणि भूक महिनोन् महिने उडाली असेल तर डॉक्टरकडे जा. त्याची लाज नको, सुत्तं औषधाच्या विरोधात नाहीत. आणि संध्याकाळी कुठेतरी बसायला जा, विहारात, वाचनालयात, कट्ट्यावर.

हे सगळं केलं तरी रात्रीचे दोन वाजतीलच. ती खोली रिकामी आहे आणि कोणतंही सुत्त ती भरून देत नाही. देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, व्यासपीठावर मी असलो तरी. पण संध्याकाळ कोणासोबत गेली यावर रात्र कशी जाईल हे थोडं अवलंबून असतं, इतपत मी म्हणू शकतो.

शेवटी मेघियच्या गोष्टीतली एक गोष्ट. त्याने जायला नको होतं, एवढाच बोध आपण काढतो. मला आता त्यातली दुसरी बाजू दिसते. थांब, मी एकटा आहे, असं सांगणारे खुद्द बुद्ध होते. त्यांना ते बोलायला संकोच वाटला नाही. मागच्या वेळी एक सत्तरीचे गृहस्थ मला तेच सांगत होते आणि मी लोकलची वेळ बघत होतो.

ते आज आले असतील तर त्यांनी थांबावं. मला घाई नाही.