परिपाठातील बातमी आणि शालेय चित्रफीत : एक चिकित्सा

प्राथमिक शाळेच्या परिपाठात विद्यार्थी ज्या बातम्या वाचतो, त्या बहुधा वर्तमानपत्रातून उतरवलेल्या असतात. १९८४ मध्ये पुण्यात स्थापन झालेली ‘बालचित्रवाणी’ आणि २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर सुरू झालेली ‘टिलीमिली’ यांचे मोल निर्विवाद आहे. परंतु आशय ठरविण्याचा अधिकार तेथेही मोठ्यांकडेच राहिला. आज मोबाइलमुळे चित्रीकरण सुलभ झाले आहे. तथापि पाठ केलेला मजकूर कॅमेऱ्यासमोर म्हणणे म्हणजे वार्तांकन नव्हे. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. आपल्या आळीत पाणी कुठवर चढले होते, हे घरोघरी विचारून, दोन उत्तरे ताडून सांगणारे मूल खऱ्या अर्थाने बातमी घडविते. म्हणूनच विद्यार्थ्यांच्या चित्रफितीचे मूल्यमापन सादरीकरणाच्या सफाईवरून नव्हे, तर अशा पडताळणीवरून व्हावे.