टपालाची उपमा कोठे फसते?

इंटरनेट कसे चालते हे वर्गात सांगायचे झाले की आपण बहुतेक जण टपालखात्याला मदतीला बोलावतो. लांबलचक पत्राचे तुकडे करा, प्रत्येकावर पत्ता आणि क्रमांक घाला, ते निरनिराळ्या वाटांनी जाऊ द्या. पलीकडचा माणूस ते क्रमाने लावून घेईल. एखादा हरवलाच, तर पुन्हा मागवील. उपमा चांगली आहे. ई-मेल किंवा छायाचित्र कसे पोचते हे तिच्यातून मुलांना नेमके कळते. पण पुढे आपण सहज एक वाक्य जोडतो : 'इंटरनेटवरून बोलणे आणि एकमेकांना पाहणे हेही असेच होते.' माझी तक्रार आहे ती या जोडवाक्याबद्दल.

बोलण्याचेही तुकडे होतात हे खरे. एका सेकंदाच्या आवाजाचे साधारणपणे ५०, म्हणजे प्रत्येकी २० मिलिसेकंदांचे. (एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) समजा, त्यातला सतरावा वाटेत हरवला. तो पुन्हा मागवून हाती येईपर्यंत पंचविसावा ऐकवण्याची वेळ झालेली असते. आता त्या सतराव्याचे करायचे काय? उशिरा आलेला तुकडा हरवलेल्या तुकड्याइतकाच निरुपयोगी! म्हणून आवाजाचा तुकडा सहसा पुन्हा मागवीतच नाहीत. मागच्या आवाजावरून अंदाजाने ती जागा भरतात आणि पुढे जातात. एखाददुसरा तुकडा असा गेला तर कानाला पत्ताही लागत नाही. मला यासाठी टपालापेक्षा लेझमीचे उदाहरण जवळचे वाटते. पावली चुकली तर मुलगा ती मागाहून करीत बसत नाही, पुढची पकडतो.

हा काथ्याकूट नव्हे. १९७० च्या दशकात अमेरिकेत आर्पानेटवरून आवाज पाठविण्याचे प्रयोग चालू होते. हरवलेले पुन्हा मागविण्याची अट तेव्हा टीसीपी या एकाच नियमावलीत पक्की बांधलेली होती. आवाजावर काम करणाऱ्या डॅनी कोहेन यांच्यासारख्या संशोधकांना ती अडचणीची वाटली. १९७८ मध्ये तिचे दोन भाग करण्यात आले. पाकीट पत्त्यावर नेण्याचे काम आयपीकडे गेले, सगळे पोचल्याची हमी टीसीपीकडे राहिली. ज्यांना ही हमी नको होती त्यांच्यासाठी १९८० मध्ये यूडीपी आला. इंटरनेटवरचे संभाषण आजही मुख्यतः याच वाटेने जाते. म्हणजे इंटरनेटच्या घडणीतच जो भेद केला गेला, तो आपण फळ्यावर पुसून टाकतो.

त्याची किंमत २०२० साली आपण मोजली. शाळा बंद होत्या आणि मी पडद्यावरून पाढे घेत होतो. 'बे एके बे' म्हटले की बाजारात असावा तसा गलका. जो तो आपापल्या जागी बरोबर म्हणत होता, पण माझ्यापर्यंत येताना एकाही मुलाचा सूर दुसऱ्याशी जुळत नव्हता. 'नेट स्लो आहे' असे मी म्हणालो. निदान चुकीचे होते. किती माहिती येते हा एक प्रश्न, किती उशिरा येते हा दुसरा. नळाला धार मोठी असली म्हणून पाणी लवकर सुटते असे नाही.

मुंबई ते नागपूर हे अंतर प्रकाशतंतूतून काटायला चार-पाच मिलिसेकंद पुरतात. बाकीचा वेळ जातो तो आवाजाचे रूपांतर करण्यात, वाटेतल्या रांगांत, आणि मागेपुढे येणारे तुकडे सावरण्यासाठी पलीकडच्या यंत्राने मुद्दाम धरलेल्या थांब्यात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांपर्यंत असावा. तेवढ्यात बहुतेक संभाषणे सुखाने होतात. संभाषणे, समूहपठण नव्हे.

आणि संभाषणालाही हा उशीर बाधतोच. दहा भाषांच्या २००९ मधील एका अभ्यासात प्रश्न आणि उत्तर यांमधला अवकाश सरासरीने सुमारे २०० मिलिसेकंद आढळला. जाताना १५० आणि येताना १५० त्यात मिळवा. उत्तर झटकन देणारी मुलगीही आपल्याला अडखळणारी वाटू लागते. २०१४ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी संभाषणात मुद्दाम विलंब घालून पाहिले, तेव्हा लोकांनी दोष यंत्राला न देता समोरच्या माणसाला दिला. तो कमी लक्ष देणारा आहे असे त्यांना वाटले. त्या वर्षी माझ्या वहीत तीन नावांपुढे मी 'लक्ष नाही' असा शेरा मारला होता. शाळा सुरू झाल्यावर तिघांपैकी दोघे वर्गात सर्वांत आधी हात वर करणारे निघाले.

मैदान मोठे असेल तर हा विलंब मुलांना ऐकवता येतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे १५० मिलिसेकंदांत ५१ मीटर. तेवढ्या अंतरावर दोन गट एकमेकांकडे पाठ करून उभे करा आणि दुसऱ्या गटाचा आवाज ऐकत त्याच्याशी जुळवून बेचा पाढा म्हणायला सांगा. प्रत्येक गट दुसऱ्यासाठी थांबू लागतो आणि पाढा हळूहळू रेंगाळतो. आमच्याकडे 'बे साते'पर्यंत कसाबसा पोचला, मग मुले हसू लागली.