राखण झाली, विचारपूस राहिली : 'गाभ्रीचा पाऊस' पुन्हा पाहताना

सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' २००९ साली आला. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याची गोष्ट म्हणून आपण तो पाहिला, आपल्या बोलीवर हसलो, शेवटी गप्प झालो. आज जरा दुसऱ्या बाजूनं त्याच्याकडे बघू या. माझं म्हणणं असं की, हा सिनेमा पावसाबद्दल जितका आहे, तितकाच एका न विचारलेल्या प्रश्नाबद्दलही आहे.

गोष्ट थोडक्यात सांगतो. शेजारचा शेतकरी आत्महत्या करतो आणि किसनाची बायको अलका हादरते. आपल्या घरातही असं होईल का? मग ती लहानग्या दिनूला बापाच्या मागं लावते. बाप जाईल तिकडं पोरगं. किसनाला समजत नाही की हे काय चाललंय. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांनी ही तारांबळ इतकी खरी केली आहे की आपल्याला हसू येतं, आणि हसता हसता आत काहीतरी टोचतं.

आता बघा, अलकाच्या मायेत काहीच कमी नाही. पण तिचा सगळा जोर राखणीवर आहे. जागलीला बसलेला माणूस जनावर आलं का ते बघतो. पीक आतून वाळतंय का, हे त्याला अंधारात दिसत नाही. 'तुमच्या मनात काय चाललंय?' हे नवऱ्याला विचारायची आपल्याकडे रीतच नाही. किसनासारख्या गड्याला स्वतःला तरी ते कुठं विचारता येतं? सिनेमाचं नाव बघा. 'गाभ्रीचा' ही आपल्या वऱ्हाडातली शिवी. पावसाला शिवी हासडता येते, सावकाराला हासडता येते. पण आतल्या घालमेलीला काय म्हणायचं? 'करमत नाही', 'जीव लागत नाही' हे शब्द आपल्याकडे आहेत, पण ते आपण बायामाणसांसाठी राखून ठेवलेत. गड्याला एकच शब्द, 'टेन्शन'. तो उच्चारला की बोलणं संपतं, मग तंबाखू मळायची नाहीतर गुत्त्यावर जायचं.

माझी तक्रार मात्र किसनापेक्षा आपल्यावर, प्रेक्षकांवर जास्त आहे. जानेवारी २०१९ मध्ये ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळात झालं. उद्घाटक नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागं घेतलं गेलं. मग उद्घाटन केलं आपल्याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांनी. त्या शेतकऱ्याची विधवा, 'तेरवं' या नाटकात काम केलेल्या. त्यांचा तो मान रास्तच होता. पण एक अस्वस्थता दारातूनच परत पाठवायची आणि दुसरीला उभं राहून टाळ्या द्यायच्या, हे एकाच मांडवात झालं. टाळीनंसुद्धा बधिरता येते, मंडळी. टाळी वाजवली की आपलं काम झालं असं वाटतं.

विचारलं तर काय होतं, याचं उत्तर शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मिळालं. तिथल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प चालला. गावातलेच कार्यकर्ते घरोघर जाऊन मनाच्या त्रासाबद्दल लोकांच्या भाषेत बोलत. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी शेकडा ४.३ होते, ते २७.२ झाले. म्हणजे लोक बोलत नाहीत हे पूर्ण खरं नाही. त्यांना विचारणारं कोणी नव्हतं.

इथं एक आक्षेप येईल, आणि तो बरोबर आहे. मन ओळखल्यानं कापसाला भाव मिळत नाही, कर्ज फिटत नाही. १९ मार्च १९८६ रोजी आपल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी कुटुंबासह जीव दिला, तो केवळ मनाचा प्रश्न नव्हता. धोरणाचा जाब धोरणालाच विचारला पाहिजे. पण जाब विचारायला माणूस उरावा लागतो.

म्हणून सिनेमा पुन्हा बघाल तेव्हा कुठं हसू आलं आणि कुठं नजर वळवावीशी वाटली, ते लक्षात ठेवा. झोप उडाली, घास उतरेना, माणसांत बसवेना, तर त्यावर 'बरं हाय' चं पांघरूण घालू नका. घरातल्या कुणाला तरी सांगा. सांगण्याजोगं कोणी नसेल तर सरकारचा 'टेलिमानस' क्रमांक आहे, १४४१६. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत.