सात जणींची साक्ष

‘सेव्हन’ या नांवाचें एक इंग्रजी नाटक २००८ च्या जानेवारींत न्यूयॉर्क येथें प्रथम लोकांपुढें आलें. नाटक हा शब्द येथें कांहींशा संकोचानेंच वापरावा लागतो. यांत कथानक नाहीं, खलपुरुष रंगमंचावर येत नाहीं, आणि जें बोललें जातें तें सात देशांतील सात कार्यकर्त्या स्त्रियांनीं मुलाखतींत सांगितलेलें आहे. अ‍ॅना डीव्हियर स्मिथ, सुसान यँकोविट्झ, कॅरल मॅक प्रभृति सात अमेरिकन लेखिकांनीं एकेकीची मुलाखत घेऊन एकेक स्वगत रचलें, आणि मग हीं सातही स्वगतें एकमेकांत गुंफून एक प्रयोग सिद्ध केला. आमच्या वाचकांस दिवाकरांच्या नाट्यछटा परिचित आहेतच. एकाच व्यक्तीच्या बोलण्यांतून समोर नसलेलीं माणसें उभीं करण्याची ती हातोटी डोळ्यांपुढें आणली म्हणजे या कृतीच्या एका धाग्याची कल्पना येईल. फरक इतकाच कीं, दिवाकरांचीं पात्रें कल्पनेंतलीं असून तीं बहुधा आपलें ढोंग आपल्याच तोंडानें उघडें करितात. येथें बोलणारी व्यक्ति खरी आहे आणि ती साक्ष देत आहे. साक्षीदाराकडून आपण कलेची अपेक्षा करावी कीं केवळ सत्याची, हा प्रश्न त्यामुळें पहिल्या पानापासूनच आमच्या मनांत उभा राहिला.

या सातांपैकीं सर्वांत हृदयाला भिडते ती मुख्तारन माई यांची कहाणी. पाकिस्तानांतील मुझफ्फरगड जिल्ह्यांत मीरवाला नांवाचें खेडें आहे. तेथें २००२ च्या जूनमध्यें, धाकट्या भावावर घेतलेल्या आळाचें उट्टें काढण्यासाठीं, दुसऱ्या एका बलिष्ठ जमातीच्या पंचांनीं या बाईंस पुढें बोलाविलें आणि त्यांच्यावर सामुदायिक बलात्कार करविला. अशा प्रसंगानंतर स्त्रीनें जीव द्यावा, हीच तेथील रीत. बाईंनीं जीव दिला नाहीं; त्या न्यायालयांत गेल्या. कुराण त्यांना मुखोद्गत, परंतु लिहितांवाचतां येत नव्हतें, आणि म्हणूनच तक्रारीच्या वेळीं पोलिसांना त्यांचा अंगठा कोऱ्या कागदावर उठवून घेतां आला. पुढें सरकारनें भरपाई म्हणून जो पैसा दिला त्यांतून त्यांनीं गांवांत शाळा काढली आणि त्या स्वतःही तिच्यांत शिकावयास बसल्या. कोरा कागद आणि शाळेचा फळा या दोन वस्तूंमधील अंतर सांगावयास कोणत्याही नाटककाराच्या अलंकाराची गरज नाहीं. यँकोविट्झबाईंनीं येथें बाईंचें साधें बोलणें साधेंच ठेविलें, यांत त्यांची मार्मिकता दिसते.

मॉस्कोच्या मरीना पिस्क्लाकोवा यांचें काम याहून पुष्कळच निराळें. १९९३ सालीं त्यांनीं नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकांसाठीं एक टेलिफोन सुरू केला. आरंभीं टेलिफोन एक आणि त्याच्याजवळ बसणाऱ्याही त्या एकट्याच. घंटा वाजावी, पलीकडून अनोळखी बाईचा दबलेला आवाज यावा, आणि आपण ऐकावें. यापलीकडे पहिल्या दिवसांत त्यांच्या हातीं फारसें कांहीं नव्हतें. तिसऱ्या आहेत उत्तर आयर्लंडच्या इनेझ मॅकॉर्मॅक. या मजूर-संघटनेच्या पुढारी. रुग्णालयांत झाडलोट करणाऱ्या बायकांस त्यांनीं आपली मागणी आपल्याच तोंडानें मांडावयास शिकविलें, आणि पुढें आयरिश कामगार काँग्रेसच्या त्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झाल्या. १९९८ च्या शांतता-करारांत समानतेचीं कलमें यावींत म्हणून त्या झटल्या होत्या.

आतां येथेंच या रचनेंतील खरी अडचण सुरू होते. स्वगत ही एकटीची वस्तु आहे. बोलणारी एक, दुःख एकीचें, धैर्यही एकीचें. उलट समाजाचें पुढारीपण एकटीचें कधींच नसतें. मॅकॉर्मॅकबाईंचें मोठेपण त्यांच्या वक्तृत्वांत नव्हतें. त्यांच्या मागें उभ्या राहून बोलूं लागलेल्या झाडूवाल्या बायकांत होतें. टेलिफोनच्या पलीकडील आवाज नसता तर पिस्क्लाकोवाबाईंच्या टेबलास काय अर्थ उरता? तेव्हां सात स्वगतें एकामागून एक म्हटलीं असतीं तर सात वीरांगनांचें एक चित्रप्रदर्शन तेवढें झालें असतें, आणि ज्या गोष्टीसाठीं हें नाटक लिहिलें तीच हरवली असती. पण लेखिकांनीं गुंफण केली. एक बोलत असतां दुसरी तिची आई होते, तिसरी पोलीस होते, चौथी तिच्या दारीं आलेली शेजारीण होते. काबूलची बाई क्षणभर बेलफास्टची होते आणि लगेच आपल्या जागीं परत जाते. कोणतीही साक्ष एकटीच्या बळावर उभी राहत नाहीं, हें या नाटकांत कोणी सांगत नाहीं. तें अभिनेत्रींच्या जागांवरून आणि आवाजांवरून आपोआप दिसतें. आमच्या मतें या कृतींतील कला आहे ती एवढीच, आणि ती थोडी नव्हे.

मात्र या गुंफणीनें एक नुकसानही केलें आहे. नायजेरियांतील हफ्सत अबिओला यांच्या वडिलांनीं १९९३ ची निवडणूक जिंकली, लष्करानें ती रद्द केली. १९९६ सालीं आईला भर रस्त्यावर गोळ्या घातल्या, १९९८ सालीं वडील कैदेंतच वारले. हें राज्यसत्तेचें पाप आहे. मीरवाल्याचें पाप पंचांचें, मॉस्कोचें घरांतल्या नवऱ्याचें. धागे जवळ आणतांना या भिन्न शत्रूंचे चेहरे पुसट होतात, आणि ‘अन्याय’ नांवाची एकच सावली सर्वत्र पसरलेली दिसते. प्रेक्षकास तेवढ्यानें हळहळ वाटेल, पण कोणावर रागवावें हें त्यास कळणार नाहीं.

याहून गंभीर आक्षेप काळाचा आहे. कल्पित पात्राचें आयुष्य पडद्याबरोबर संपतें; खऱ्या माणसाचें संपत नाहीं. मुख्तारन माईंच्या खटल्यांत २०११ सालीं पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयानें सहापैकीं पांच आरोपींची सुटका कायम केली. रशियांत २०१७ सालीं, गंभीर इजा न झालेली पहिली घरगुती मारहाण फौजदारी गुन्ह्यांतून वगळली गेली. त्याच सालीं कंबोडियांत मू सोचुआ यांचा पक्ष विसर्जित करण्यांत आला आणि एकेकाळीं मंत्रिपद भूषविलेल्या या बाईंस देश सोडावा लागला. अफगाणिस्तानच्या फरीदा अझीझी ज्या तालिबानाविषयीं बोलतात तें २०२१ सालीं पुन्हां सत्तेवर आलें. ग्वाटेमालाच्या अनाबेला दे लिऑन यांची गोष्ट तर अधिकच अवघड. नाटकांत त्या भ्रष्टाचाराविरुद्ध लढणाऱ्या लोकप्रतिनिधि आहेत; पुढें त्या मालमत्ता-नोंदणी कार्यालयाच्या प्रमुख झाल्या, आणि ज्या सरकारनें त्यांना नेमलें तें कोसळल्यावर त्या कार्यालयांतील गैरव्यवहाराचे आरोप त्यांच्यावरच आले. आरोपांचा निवाडा करणें हें टीकाकाराचें काम नव्हे. परंतु ‘हें सर्व खरें आहे’ असें म्हणून जें नाटक आमचा विश्वास मागतें, त्यानें २००८ नंतरचें खरें ऐकावयास नको म्हणणें बरोबर होणार नाहीं. कांहीं चाहते या अप्रिय भागाकडे डोळेझांक करितात; आम्हांस ती भक्ति मानवत नाहीं. उलट, साक्षीवर उलटतपासणी झाली म्हणजेच ती साक्ष ठरते.

यावर उपाय आहे आणि तो प्रयोग करणाऱ्यांच्या हातीं आहे. या नाटकाचें वीसांहून अधिक भाषांत भाषांतर झालें. न्यूयॉर्कच्या एका प्रयोगांत २०१० सालीं मेरिल स्ट्रीपसारख्या विख्यात नटीनें मॅकॉर्मॅकबाईंची भूमिका केली. परंतु आम्हांस अधिक मोलाचा वाटतो तो स्वीडनमधून निघालेला पायंडा. तेथें नटींऐवजीं राजकारणी, लष्करी अधिकारी, पत्रकार अशा माणसांनीं, आणि त्यांत पुरुषांनींही, हातांत कागद धरून हीं कथनें वाचलीं. ज्याच्या सहीवर खटले अडतात अशा माणसाच्या तोंडून कोऱ्या कागदावरील अंगठ्याची हकीकत येते तेव्हां अभिनय चांगला झाला कीं वाईट हा प्रश्नच उरत नाहीं. मराठींत कोणी हें नाटक वाचावयास घेतलें, तर त्यानें नामांकित नटींच्या मागें न लागतां याच वाटेनें जावें. आणि प्रत्येक कथन संपल्यावर ही मुलाखत कोणत्या काळांतील आणि त्यानंतर त्या बाईंचें काय झालें, हें दोन ओळींत मोठ्यानें वाचून दाखवावें, मग ते ऐकून सभागृहांत टाळ्या कमी पडल्या तरी चालेल.